तीनदा ओढलेला पट्टा

युसूफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात गाडी पुसत होतो. नसीमभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, बोलत होत्या. पहाटेची फजरची नमाज झाली, चहा मागितला, मी कप घेऊन आले तर खुर्चीतच मान कलली होती, एवढंच त्यांनी सांगितलं. निघतोच म्हणालो. त्यांचं घर आमच्याच गल्लीत, चालत दोन मिनिटांवर, पण मी असा भांबावलो की गाडीत जाऊन बसलो, किल्ली फिरवली आणि तसाच थांबलो. गेली कित्येक वर्षं ही गाडी सुरू केली की शेजारच्या सीटवरून आधी खट, खट, खट असा आवाज यायचा. युसूफभाई सीटचा पट्टा तीनदा ओढून बघायचे आणि मग म्हणायचे, "हं, चल मास्तर." तो आवाज येईना... मी गाडी बंद केली आणि चालत गेलो.

ते मूळचे निफाडचे, तीन पिढ्या शिवणकामातल्या. वडिलांना वाटायचं पोरानं दुकानात बसावं, पण पोरगं विमानाच्या कारखान्यात चिकटलं. कारखान्यात शिंप्याचं काय काम, असं मीही पहिल्या ओळखीत विचारलं होतं. तेव्हा त्यांनी मला एखाद्या ढ विद्यार्थ्याला सांगावं तसं समजावलं की वैमानिक काही पत्र्यावर बसत नाही, त्याला गादी लागते, पट्टे लागतात, विमानावर घालायला कापडी खोळ लागते, आणि हे सगळं कुणीतरी शिवतंच. त्यांची बोटं म्हणजे नमुना होती. डोळे मिटून शिलाईवरून अंगठा फिरवायचे आणि एका बोटाएवढ्या जागेत किती टाके पडलेत ते सांगायचे. माझ्या गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा पट्टा चाचपून "शिलाई बरी आहे" म्हणाले. त्यांच्या तोंडी 'बरी' ही शिवी होती. दुसऱ्या दिवशी सुई, दोरा घेऊन आले आणि शेजारच्या पट्ट्यावर लाल दोऱ्याची आपली दुहेरी शिलाई घालून गेले. माझ्या पट्ट्यावर का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "तू मास्तर आहेस, तुला काय होतंय. घरी उत्तर द्यायचंय ते मला."

मी निवृत्त भूगोल शिक्षक. ते निवृत्त झाले तेव्हा माझ्याकडे गाडी होती, वेळ होता आणि घरी बायकोच्या मते मी अडगळ होतो. जिथे जिथे जुनी विमानं ठेवलीत तिथे तिथे जायचं, हे खूळ त्यांचं. गोव्यात नौदलाची विमानं पाहिली, बंगळूर झालं, दिल्ली झाली. माझी बायको याला म्हाताऱ्यांची शाळेची सहल म्हणायची. भाभी त्यांच्यासाठी अंडी आणि चपात्या, माझ्यासाठी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असे दोन डबे द्यायच्या आणि गाव सोडून दोन तास व्हायच्या आत आम्ही एकमेकांचे डबे संपवलेले असायचे. दिल्लीच्या त्या प्रवासात मी गप्पांच्या नादात वळण चुकलो. जन्मभर पोरांना नकाशे भरायला लावले आणि दिल्लीला निघालेली गाडी देवळ्याच्या कांद्याच्या लिलावात नेऊन घातली. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर. एका शेतकऱ्यानं कुठे निघालात म्हणून विचारलं. युसूफभाईंनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, विमानं बघायला. त्यानं आमच्याकडे, मग ट्रॅक्टरच्या रांगेकडे पाहिलं आणि अहिराणीत म्हणाला, "आठे ते कांदाच शे, बाबा." म्हणजे इथे तर कांदाच आहे. पुढची चार वर्षं मी कुठेही रस्ता चुकलो की युसूफभाई हेच वाक्य म्हणत.

संग्रहालयात त्यांचं वागणं मला सुरुवातीला कळायचं नाही. लोक विमानाच्या नाकासमोर उभं राहून फोटो काढतात. हे थेट मागे जायचे, अंगावर रंगवलेला क्रमांक वाचायचे, खिशातल्या छोट्या वहीत लिहायचे आणि पुढच्या विमानाकडे जायचे. एकदा मी चिडलो. आठशे किलोमीटर गाडी हाकली ती काय आकडे उतरवायला, असं फटकन बोलून गेलो. त्यांनी पुढच्या विमानाचा क्रमांक उतरवला. परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा बशीत चहा ओतता ओतता त्यांनी सगळं सांगितलं. नोकरीला फार दिवस झाले नव्हते. वडील गेले त्याच आठवड्यात ते कामावर परत आले आणि वैमानिकाच्या खांद्यावरचा एक पट्टा शिवला. तपासणीत तो पास झाला, विमानात बसलाही. घरी आल्यावर त्यांना वाटायला लागलं की शेवटच्या कोपऱ्यात दोरा नीट बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन साहेबांना सांगितलं. साहेबांनी पट्टा पुन्हा काढून तपासला, ओढून पाहिला, उत्तम आहे म्हणून पाठ थोपटली. "सगळ्यांना पटलं, मास्तर. माझ्या बोटांना नाय पटलं." त्या विमानाचा क्रमांक त्यांना पाठ होता. शेवटचे दोन आकडे सदतीस.

मी मास्तरकी केलीच. पट्टे काही जन्मभराचे नसतात, दर काही वर्षांनी बदलतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतं, म्हणालो. मान्य, म्हणाले. मग पत्र लिहा, मी पुढे रेटलं, चौकशी करा, सरकारी कागदात सापडेल ते विमान कुठे आहे, की पडलं. यावर त्यांनी बशी खाली ठेवली. "कागदावर कसलंही उत्तर येतं. संग्रहालयात उभं दिसलं तर एकच उत्तर, की ते घरी आलं. मला तेवढंच पाहिजे." त्या दिवसापासून क्रमांक मीही शोधायला लागलो. मला वाटतं आमची मैत्री खरी त्या चहानंतरची. त्याआधी आम्ही शेजारी होतो.

पुढे त्यांची साखर वाढली आणि नजर मंदावली. तिथे क्रमांक मी वाचून दाखवायचो आणि घरी परतल्यावर वही भाभी लिहू लागल्या, ते सांगत आणि त्या उतरवून घेत. इकडे माझा डावा गुडघा क्लच दाबून दाबून कुरकुरायला लागला होता. चांदवडचा घाट उतरलो की मी गाडी बाजूला घ्यायचो आणि हे सीटखालून गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली काढायचे. मला दुखत नाही असं मी सांगायचो, त्यांना दिसतंय असं ते सांगायचे. दोघंही थापाडे. गेल्या हिवाळ्यात कळलं की विदर्भात एका कॉलेजच्या आवारात त्याच बनावटीचं एक विमान ठेवलंय. गेलो. दोन दिवस लागले. विमान चौथऱ्यावर होतं, पण हात पोहोचेल इतकं खाली. युसूफभाईंनी कारखान्यात होतो म्हणून सांगितल्यावर रखवालदारानं खुर्चीसुद्धा आणून दिली. ते म्हणाले, वाच. मी वाचलं. शेवटचे आकडे एकतीस होते. त्यांचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता, चष्म्याच्या काचांमागचे डोळे काही न दिसणारे, आणि मला कळून चुकलं की पुढचा प्रवास त्यांच्याच्यानं होणार नाही. मी म्हणालो, "सदतीस."

"नीट वाच."

"सदतीसच आहे, युसूफभाई."

ते उठले, पत्र्याला हात लावला. कॉलेजवाल्यांनी हौसेनं आकड्यांवर रंगाचे थर चढवले होते. त्यांची बोटं आकड्यांवरून सावकाश गेली आणि शेवटच्या आकड्यावर जरा थांबली. मग ते हसले. "आलं म्हणजे घरी," म्हणाले. "झालं मास्तर. आता फिरणं बास." परतीच्या वाटेत ते भरपूर बोलले, मला जुन्या फजित्यांवरून छळलं, माझ्या डब्यातली चटणी संपवली. मी मात्र गाडी चालवत स्वतःवर खूश होतो. आयुष्यात एक तरी खोटं सत्कारणी लागलं, असं मला वाटत होतं.

ते गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. जेवणं झाल्यावर भाभींनी मला आत बोलावलं आणि ती छोटी वही हातात दिली. "त्यांनी सांगून ठेवलं होतं, मी गेल्यावर मास्तरला द्यायची, आधी नाही." भाभी निफाडच्या मराठी शाळेत शिकलेल्या, अक्षर गोल आणि स्वच्छ. पानोपानी गावाचं नाव, खाली क्रमांक आणि पुढे 'नाही'. मी शेवटचं लिहिलेलं पान काढलं. विदर्भातल्या त्या कॉलेजचं नाव होतं आणि खाली चार ओळी होत्या: 'एकतीस. आपलं नाही. मास्तरचा गुडघा फार दुखतो. त्याला आता फिरवायचं नाही.'

मी मान खाली घालून बसलो. टाके मोजणाऱ्या बोटांना एक आणि सात कळणार नाहीत, असं मी कसं समजलो? मी त्यांना सुटका दिली म्हणून मिरवत होतो आणि त्यांनी ती न घेता मलाच मोकळं केलं. मला लाज वाटली, रागही आला. आता भांडायलाही ते नव्हते. मी भाभींना विचारलं, मग त्यांच्या मनातली ती रुखरुख तशीच राहिली का. भाभी म्हणाल्या, "राहिली. पण तिकडून आल्यावर हसत होते. मला म्हणाले, चाळीस वर्षं एकट्यानं काळजी केली, आता मास्तर पण करतो."

वहीत त्या पानाच्या मागे अजून एक नाव आहे. गाव लांबचं आहे, समोर क्रमांक नाही, 'नाही'ही नाही, म्हणजे तिथलं विमान बघायचं राहून गेलंय. गुडघ्याच्या डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलंय आणि बायकोनं त्यांची बाजू घेतलीय. काल मी अंगणात जाऊन गाडीत बसलो. वही शेजारच्या सीटवर ठेवली, लाल शिलाईचा पट्टा तिच्यावरून घेतला आणि तीनदा ओढून पाहिला. टाका जागचा हललेला नाही. सोमवारी निघतोय.