आप्पांच्या चहातला गूळ

आमचं वडवणीत किराणा दुकान. दुकान नवरा बघतो, घर मी. सासूबाई गेल्यावर आप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, पथ्यपाणी माझ्याकडं आलं. त्यांना शुगर होती. मोबाईलवर घरगुती उपायांचे व्हिडिओ बघायचा मला तेव्हा नाद लागला होता. गल्लीतल्या बायकाही विचारायला यायच्या. कुणाला ॲसिडिटी, कुणाच्या लेकराला खोकला. मी ओव्याचं पाणी, अडुळशाचा काढा सांगायचे. गुण यायचा, नाही असं नाही. तिथंच मी चढले.

घरातली साखर बंद केली आणि तेलगावकडच्या एका गुऱ्हाळावरून काळसर, बिनकेमिकलचा गूळ आणवला. आप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "माय, गुळानं शुगर वाढत न्हाई का?"

"साखर कारखान्यातली असती, आप्पा. हा नैसर्गिक हाय. नैसर्गिक गोष्ट बाधत नसती."

मग चहात गूळ, शेंगदाण्याबरोबर गूळ, बाजरीच्या भाकरीशी गूळ-तूप. सकाळी मेथीचं पाणी देतेच, तेव्हा शुगरची गोळी दोनऐवजी एक वेळची पुरे, हेही मीच ठरवलं. नवरा दिवसभर दुकानात; आप्पांना गूळ किती जातो, गोळ्या किती, हे त्याला ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं फिका चहा पिलेला माणूस आता बशी निरपून प्यायला लागला. सेवा करावी तर अशी, असं मला वाटायचं.

उन्हाळ्यात नवी चप्पल त्यांच्या पायाच्या बोटाला चावली. मी हळद आणि कडुलिंबाचा लेप लावला. चार दिवसांत खपली धरेल म्हटलं, तर पंधरा दिवस झाले तरी जखम ओलीच.

नवरा म्हणाला, "बीडला दाखवून आणू का?"

"कावून? हळदीला जरा वेळ तर द्या."

पुढं बोट काळं पडलं, वास यायला लागला, तेव्हा बीडला नेलं.

तपासणीचा कागद बघून डॉक्टरांनी विचारलं, "गोड चालू होतं का? गोळ्या घेत होता ना?"

मी खाटेशेजारीच उभी होते. बोलायची पाळी माझी होती. आप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "माझी जीभच वाईट हाय, साहेब. दुकानातून चोरून खायचो. गोळ्याबी चुकवल्या. सून लई सांगायची, मीच ऐकलं न्हाई."

डॉक्टर सगळ्या वॉर्डासमोर त्यांच्यावर रागावले. नवऱ्यानंही सुनावलं, "या वयात चोरून खाता?" आप्पा मान हलवत राहिले. मी चादर सारखी करत राहिले.

बोट काढावं लागलं. भेटायला आलेली नणंद माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, तुमी एवढं करता, आन् आप्पा असे." मी तो हातही सोडवून घेतला नाही.

घरी आल्यावर एका दुपारी पट्टी बदलताना शेवटी विचारलं, "आप्पा, खोटं कावून बोलले तुमी?"

"चार बाया तुला इचारायला येतात. यायच्या बंद झाल्या असत्या." मग म्हणाले, "आन् मला काय कळत न्हवतं व्हय? गोड लागत होतं, खाल्लं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो उठून दुकानात गेला. आठवडाभर माझ्याशी फक्त गोळ्यांच्या वेळा बोलला. नणंदेलाही मी फोन करून खरं सांगितलं. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. आता आप्पांची शुगर आटोक्यात आहे. चालताना ते भिंतीला हात लावतात.

गल्लीत मात्र अजून कुणाला ठाऊक नाही. परवा शेजारीण आली. "ह्यांना बीपीची गोळी नको झालीया. घरगुती काही हाय का?"

"गोळी अजिबात सोडू नका," मी म्हणाले. "डॉक्टरांना इचारा."

"अगं, तूच तर सांगायचीस की!"

आप्पा समोर खुर्चीत बसले होते. त्यांच्या देखत खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण बाहेर पडलं ते एवढंच, "आता मी न्हाई सांगत."