चार नंबरचा पिस्टन

माझ्याकडे टोचनची गाडी आहे. भर रस्त्यात बसलेले ट्रक आणि बस ओढून नेणारा जुना डिझेल ट्रक, मागे हुक आणि साखळदंड. गाडी चालवायचा तो, इंजिन सांभाळायचो मी. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, कणकवलीकडचा. बावीस वर्षं आम्ही रोज दुपारी एकत्र जेवलो आणि जवळजवळ रोज भांडलो. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मी सुरू झालो की तो विडी पेटवून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा.

आता तो गावी आहे आणि मी लालबागच्या गाळ्यात एकटा. घरीही एकटाच. बायको जाऊन सहा वर्षं झाली. चाळ पाडली, टॉवर होईपर्यंत मी अँटॉप हिलला भाड्याने राहतो. तिथे शेजारी कोण आहे मला माहीत नाही आणि त्यालाही माझी पडलेली नाही. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे तो एकच होता, हे मला तो गेल्यावर कळलं.

गणपतीच्या आधीचे रविवार हा आमचा सीझन. परळच्या कारखान्यांतून मोठ्या मूर्ती मंडळांकडे निघतात, आगमनाची मिरवणूक असते, आणि मूर्तीची ट्रॉली ओढायला आमची गाडी जाते. पुढे ढोल, बाजूला नाचणारे, त्यामुळे चार-चार तास पहिल्या गिअरमध्ये रांगायचं. इंजिनाला याच्याइतका जाच दुसरा नाही. त्यात दर वर्षी त्याची बायको गाडीच्या पुढच्या जाळीवर बांधायला नवी झालर शिवून द्यायची, लाल मखमलीची, सोनेरी काठाची. देवाला ओढून आणणारी गाडी बोडक्या तोंडाने जायची नाही, असा तिचा हट्ट. मी दर वर्षी ओरडायचो की रेडिएटरला वारा लागला पाहिजे. तो म्हणायचा, ‘खालून जातो रे वारा,’ आणि बांधायचा.

गेल्या वर्षी आगमनाच्या आदल्या दिवशी एक नोजल गळायला लागला. नोजल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारी टोटी. भायखळ्याचा पंपवाला म्हणाला, सोमवारी घेऊन या, मशीनवर तपासून देतो. मंडळवाले काही सोमवारपर्यंत थांबणारे नव्हते. देवाचा दिवस कोण बदलणार? माझ्या पेटीत एक जुना नोजल होता. तोंडाला लावून फुंकून बघितला, बरा वाटला, बसवून टाकला. चाळीस वर्षं हेच काम करतोय, मला मशीन कशाला हवं?

रविवारी दुपारी लालबागच्या नाक्याअलीकडे गाडी बसली. मी मागून चालत होतो, गर्दी कापत पुढे पोचलो तेव्हा इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या श्वासनळीतून धुराचे लोट येत होते आणि ऑइल रस्त्यावर ठिबकत होतं. तो खाली उतरून उभा होता. जाळीवर झालर, झालरीवर गोंड्याच्या फुलांचा हार, हारावर बोटभर गुलाल. मी काही विचारलं नाही. पन्नास माणसांसमोर बोललो, ‘तुझ्या बायकोच्या झालरीने माझं इंजिन खाल्लं.’ आणखीही बरंच बोललो, ते इथे लिहीत नाही. मूर्ती मंडळाच्या लोकांनी हातांनी ढकलत नेली. त्याने झालर सोडली, गुलाल झटकला, नीट घडी घातली आणि गाडीची चावी माझ्या हातात ठेवली.

चतुर्थीला तो गावी गेला, तसा दर वर्षी जातोच. पाच दिवसांचा गणपती आटोपला की परत. या वेळी आला नाही. मी फोन केला नाही. त्याने करावा म्हणून वाट बघत राहिलो. फोन आला नाही तसा रागावत गेलो, आणि गाडी तशीच गाळ्यासमोर उभी.

दसऱ्याला हत्यारांची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी इंजिनाला हात घातला. रेडिएटरचं झाकण उघडलं तर पाणी भरलेलं. झालरीने इंजिन तापलं असतं तर ते उकळून उडून गेलं असतं. ऑइलची पट्टी काढून बोटावर पुसली, तर त्यात चांदीसारखी चकाकी. पिस्टनचा ॲल्युमिनियम वितळल्याशिवाय ती येत नाही. मग दोन मिनिटांपुरतं इंजिन सुरू केलं आणि एकेका नोजलची डिझेलची नळी ढिली करत गेलो. चालू सिलिंडरची नळी ढिली केली की इंजिन अडखळतं. एक, दोन, तीन अडखळले. चारला काहीच फरक नाही. पाच आणि सहा पुन्हा अडखळले. हे करताना तो केबिनमध्ये बसायचा आणि आवाज ऐकून खिडकीतून बोटांनी सिलिंडरचे आकडे दाखवायचा. सवयीने मी दोनदा वर बघितलं.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जड झाकण, उतरवायला चेनपुली लावली. दोघांचं काम होतं, मला दोन दिवस लागले. चार नंबरचा पिस्टन बाहेर काढला तर माथ्यावर करंगळी जाईल एवढं भोक, कडा मेणासारख्या ओघळलेल्या. बाकीचे पाच चांगले होते. इंजिन वाऱ्यावाचून तापलं असतं तर सगळ्याच पिस्टनच्या अंगावर ओरखडे आले असते. मी बॅटरी घेऊन एकेक पिस्टन फिरवून बघितला. खरं सांगतो, ओरखडे सापडावेत म्हणून बघत होतो. एकाच्या तरी कुशीवर, झालरीच्या नावाने खपवता येईल असा एक तरी. नव्हता.

एकच पिस्टन, तोही वरून जळालेला, म्हणजे दोष त्याच्या डोक्यावर बसलेल्या नोजलचा. तो कागदात गुंडाळून भायखळ्याला नेला. पंपवाल्याने मशीनवर चढवून दांडा मारला. धुक्यासारखा फवारा यायला हवा, तर गळक्या नळासारखी धार पडली, एकाच जागी.

‘हा कोणी लावला?’ त्याने विचारलं.

‘मीच,’ मी म्हटलं. एवढं बोलायला मला फार जड गेलं.

पुढचे दोन दिवस मी नुसता गाळ्यात बसून होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडला, तसाच बंद केला आणि गावी फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. ‘थांबा हां भाऊजी, मागीलदारी आसत ते, देतंय,’ म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच मला जास्त लाज वाटली.

‘झालर नव्हती रे ती,’ मी त्याला म्हटलं. ‘नोजल होता. मी बसवलेला.’

‘माका म्हायत होता.’

‘काय माहीत होतं?’

‘चार नंबर. परळ सोडला तेव्हापासून टकटक करत होता. तुला फोन केला ना मी. म्हटलं, चार नंबर वाजतोय, गाडी बाजूला घेतो. तू म्हणालास, तू गाडी चालव, इंजिनाचं मी बघतो. आणि ठेवलास.’

मी खरंच विसरलो होतो. तो सांगत असताना आठवलं. पुढच्या ढोलांचा आवाज मागेपर्यंत येत होता, मी एका कानात बोट घालून फोन घेतला होता आणि त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं.

‘मग मी एवढा ओरडलो तेव्हा का नाही बोललास?’

‘तू आयकणार होतास?’ तो म्हणाला. ‘आणि मंडळाची एवढी माणसं होती. तुझा धंदा, तुझा हात. त्यांच्यासमोर कशाला.’

‘ये ना परत. माझं चुकलं.’

‘राग नाय रे. रागबिग काय नाय. पण आता हयच बरा वाटता. हय मी काय बोललो तर ही आयकता तरी.’

मला त्याला बरंच सांगायचं होतं. चेनपुलीचं, दोनदा केबिनकडे बघितल्याचं, डबा एकट्याने संपत नाही हे. मी म्हटलं, ‘ऐक ना.’

‘बोल,’ तो म्हणाला. ‘आयकतंय मी.’

त्याने फोन ठेवला नाही. पलीकडे विहिरीवरचा रहाट कुरकुरत होता आणि तो वाट बघत होता. मी फोन कानाशी धरून डबा पुन्हा उघडला.