एकच टाकी

आमच्या मुलींच्या वसतिगृहात एक नियम होता. स्वयंपाकघरात संडासाचं नाव काढायचं नाही. "मागं जाऊन येते" एवढंच म्हणायचं. आणि "का?" हे तर अजिबात विचारायचं नाही. बीएस्सी होऊन मी तिथली सुपरिंटेंडेंट झाले, त्या पहिल्याच दिवशी अध्यक्ष आबासाहेबांनी मला हा नियम उभ्याउभ्या ऐकवला. आणि वर्षभरात मी संडास थेट चुलीलाच जोडला! मग किस्से साठणार नाहीत तर काय? पंगत उठल्यावर खरकटं साठतं, तसे साठले.

बेत साधा होता. मागच्या अंगणात विटांची विहीर बांधायची. संडासाची घाण, खरकटं, थोडं शेण त्यात सोडायचं आणि वर लोखंडी टाकी पालथी घालायची. आत कुजतं, गॅस होतो, तो नळीनं चुलीला. कमिटीनं परवानगी दिली, पण वार्षिक सभेपर्यंतच. "सभेत नको ठरलं, तर पुन्हा टोपलीचे संडास," आबासाहेब म्हणाले. म्हणजे पुन्हा मैला उचलणारी हौसा टोपली डोक्यावर घेऊन मागच्या बोळातून जाणार. ते मला आता बघवणार नव्हतं.

*

टाकी करायला उद्यमनगरातल्या लोखंडाच्या कारखान्यात गेले. मिस्त्री म्हणाले, "बाई, आमी इंजिनं केली, गुऱ्हाळाचे चरक केले. ह्यात काय भरणार?"

मी सांगितलं. त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"आन् त्याच्यावर भाकरी?"

"भाकरी."

"भाजती?"

"भाजते की!"

थोडा विचार करून म्हणाले, "मग आमच्या घरालाबी एक करतो. आमच्यात माणसं खंडीभर हाईत!"

*

स्वयंपाकाच्या तानाक्का दारातच बसल्या. "म्या काडी लावायची न्हाय. बाटायचं काम हाय ते!"

काडी मीच लावली. निळी ज्योत उठली. धूर नाही. तानाक्का सवयीनं पदर डोळ्यांशी घेऊन बसल्या होत्या, तो तसाच राहिला. आठवड्याभरात त्या माझ्यावरच तक्रार करू लागल्या, "काय बाई तुमची चूल! रडायचं म्हटलं तर कांदा चिराय लागतो की!"

*

एका रविवारी मुली गावाला गेलेल्या. भाकरी तव्यावर असताना ज्योत मलूल झाली. पिठाच्या हातानं तानाक्का स्वयंपाकघरातूनच उरलेल्या मुलींवर ओरडल्या, "अगं, सकाळपासनं कोण संडासला गेलंय का न्हाय? भाकरी अर्धीच ऱ्हायली!"

नियम तिथंच संपला! गॅस असा लगेच होत नाही, हे त्यांना समजावण्यात मात्र माझी सगळी बीएस्सी खर्ची पडली.

*

आबासाहेब पाहणीला आले. कप नाकाशी नेऊन म्हणाले, "पोरी, वास येतोय हं. मी म्हटलंच होतं."

"आबासाहेब, आज नळी धुवायला काढलीय. हा चहा कोळशाच्या शेगडीवरचा आहे."

त्यांनी चहा संपवला.

*

महारवाड्यातल्या तीन मुली त्या वर्षी आल्या होत्या. कमिटीनं त्यांना संडास वेगळा दिला, कुंपणाला टेकून. जेवायला पाटही कोपऱ्यात. पाट हलवायला मला परवानगी नव्हती. पण पाइप टाकताना मी कुणालाच विचारलं नाही. त्यांचाही पाइप त्याच टाकीला!

त्यांच्यातली शांता मॅट्रिकला होती. टाकीकडे बघत म्हणाली, "बाई, आमची पंगत कोपऱ्यात, आन् मागं मात्र सगळ्यांची एकच!"

*

त्या पाइपचं कमिटीला कळलं ते नेमकं वार्षिक सभेच्या सकाळी.

"गॅस राहू दे," आबासाहेब म्हणाले. आता सरपण लागत नव्हतं, ते सगळ्यांनाच आवडलं होतं. "पण त्या तिघींचा पाइप तोड. त्यांना टोपली पुरे."

"सुमनबाई, वडीलधाऱ्यांचं ऐकावं," सेक्रेटरी म्हणाले.

"वेगळी टाकी बांधली तरी चालेल," कमिटीतल्या तिसऱ्या सभासदांनी उदारपणे सुचवलं. "चूलही वेगळी."

माझं डोकं तापलं. मी उठले.

"मी पाइप तोडणार नाही. दुसरी टाकीही बांधणार नाही. पाहिजे तर आत्ता वरची टाकी उचलायला लावते. सगळे मागे चला. त्यातलं कुठलं कुणाचं, ते तुम्ही बोटानं दाखवा. तेवढंच बाजूला काढते."

आबासाहेबांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी छताकडे. जागचं कुणी हललं नाही.

तेवढ्यात तानाक्कांनी दारातून डोकं आत घातलं.

"चहा गॅसवर टाकू, का शेगडी पेटवू?"