आमचे एकवीस इंच, मोकलांचे वीस

मी स्वभावाने मत्सरी नाही. फक्त शेजाऱ्याच्या घरी आपल्यापेक्षा चांगली वस्तू आली की मला दोन दिवस जेवण जात नाही.

डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमधला पहिला टीव्ही आमचा. काळा-पांढरा, लाकडी खोक्यातला, पुढे सरकतं शटर. रविवारी सकाळी तिन्ही मजले आमच्या हॉलमध्ये! पुजाऱ्याने गाभारा उघडावा तसं मी ते शटर उघडायचो. (आधी हात धुवायचो, हेही खरं आहे.) आई पुढच्या खुर्चीत बसून "तुम्ही सरका, तुम्ही मागे व्हा" असा कारभार करायची. अशी दहा वर्षं गेली आणि नव्वदीच्या सुरुवातीला समोरच्या मोकलांनी रंगीत टीव्ही आणला. रिमोटवाला! ओरियाना कंपनीचा!

मोकल मानपाड्याच्या एका कारखान्यात फोरमन. त्यांचं दार आमच्या दारासमोर, आणि माणूस अगदी सरळ. सरळ माणसाचा हेवा करायला जास्त कष्ट पडतात, पण मी ते घेतले.

पुढच्या रविवारी आमच्या हॉलमध्ये मी, बायको आणि टीव्ही. टीव्हीतली माणसं खालून वर सरकत होती. डाव्या बाजूला थाप मारली की पाच मिनिटं जागेवर थांबायची.

"नीला, आई कुठाय?"

"कोथिंबीर मागायला गेल्यात. मोकलांकडे."

"कधी?"

"नऊ वाजता."

अकरा वाजले होते. साडेअकराला आई आली. कोथिंबिरीचा पत्ता नव्हता.

"अरे, देवाचं पितांबर खरंच पिवळं आहे रे!" आई म्हणाली. "आपल्याकडे दहा वर्षं राखाडी दिसत होतं!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बिल्डिंग गेली तर गेली, पण सख्खी आई? तिला पुन्हा आपल्या हॉलमध्ये, त्या पुढच्या खुर्चीत आणून बसवायचं, असं मी त्याच क्षणी ठरवलं. तोवर दुसरं काही हातात नसल्यामुळे मी बदनामी सुरू केली.

"ओरियाना घेतलात? जपा हो, मोकल. सहा महिन्यांत ट्यूब जाते म्हणतात."

"कोण म्हणतं, भाऊ?"

"सगळेच!" (सगळेच म्हणजे मी.)

दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना मी ओरियानाचे दोष ऐकवले. ते मलाही माहीत नव्हते, त्यामुळे दर वेळी नवे सुचायचे. अशातच आमचा जुना सेट एका संध्याकाळी ऐन बातम्यांत धूर सोडून गेला.

आता नवा घ्यायचा. माझी अट साधी होती. टिकाऊ हवा आणि ओरियाना नको. मी चौकशीला निघालो. आधी गेलो आमच्या जुन्या सेटच्या मेकॅनिककडे.

"ओरियाना घ्या," तो म्हणाला.

"दुसरा कुठला?"

"दुसरा कुठलाही घ्या, मला चालेल. दर महिन्याला भेटू! ओरियानावाले मेले इकडे फिरकतच नाहीत. माझ्या पोटावर पाय दिलाय त्यांनी."

कल्याणचा मेव्हणा म्हणाला, ओरियाना. ठाण्याच्या आमच्या ऑफिसात मी अकरा जणांना विचारलं. नऊ जण म्हणाले ओरियाना, एकाकडे टीव्ही नव्हता आणि एकाने मलाच सल्ला विचारला. त्याला मी, हाडाचा प्रामाणिक असल्यामुळे, ओरियाना सांगितला!

शेवटी मी हार खाल्ली, पण गुपचूप. डोंबिवलीत कोणी बघेल म्हणून ठाण्याच्या दुकानात गेलो.

"मोकलांचा वीस इंची आहे," मी नीलाच्या कानात म्हणालो. "आपण एकवीस घेऊ."

"आणि त्यांनी विचारलं, कुठली कंपनी?"

"सांगायचं कशाला?"

खोक्यावर चारी बाजूंनी हातहातभर अक्षरांत ओरियाना लिहिलेलं होतं. मी घरून पांढरी चादर नेली होती. टेम्पो बिल्डिंगखाली थांबला आणि चार जणांनी चादरीत गुंडाळलेलं ते खोकं हळूहळू खाली उतरवलं. तळमजल्यावरच्या आजी लगबगीने बाहेर आल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. "कोण गेलं हो?" असं त्यांनी मला हळूच विचारलं.

घरात पूजा झाली. हळदकुंकू, नारळ, आणि कंपनीचं नाव झाकेल असा झेंडूचा जाड हार. तो सुकल्यावर नावावर काळी चिकटपट्टी लावली. कोणी विचारलंच तर "बाहेरची कंपनी आहे, तुम्हाला माहीत नसेल" असं सांगायचं ठरलं. टीव्ही ठेवला बरोबर दारासमोरच्या भिंतीला. जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्याला एकवीसच्या एकवीस इंच दिसले पाहिजेत! दार तर दिवसभर उघडंच असायचं.

रविवारी सगळी बिल्डिंग परत आमच्याकडे आली. आई पुढच्या खुर्चीत बसून "तुम्ही सरका" म्हणाली आणि माझे डोळे खरंच भरून आले. समोर मोकल एकटेच आपल्या घरात बसले होते. त्यांचा टीव्ही त्यांच्या दाराशेजारी, ते आतल्या सोफ्यावर. मी त्यांना इथून हात केला. (हात करण्याची काही गरज नव्हती.)

पडद्यावर देवाने धनुष्य उचललं, बाण लावला, दोरी कानापर्यंत ओढली आणि एक बाई म्हणाली, "आता यात दोन चमचे मैदा घाला."

"अरे, काय झालं?"

"काही नाही, काही नाही!" मी रिमोट दाबला. देव परत आले, पण बाण सुटून गेला होता. दोन मिनिटांनी आवाज गेला. मी वाढवला. मग तो आपोआप इतका वाढला की राक्षसाच्या हसण्याने कपाटातल्या बश्या वाजल्या. मग परत मैदा!

"व्होल्टेज," मी घाम पुसत म्हणालो. "बाहेरच्या कंपनीला आपलं व्होल्टेज झेपत नाही."

"व्होल्टेज कसलं?" आई दाराकडे मान वळवून बसली होती. "तो मोकल तिकडे बटण दाबतोय, की इकडे होतंय. थांब. मोकल! जरा आवाज कमी कर रे!"

समोर मोकलांनी दाराच्या दिशेने रिमोट धरून दाबला. आमचा टीव्ही आज्ञाधारकपणे गप्प झाला.

हॉलमध्ये जे हसू फुटलं ते जिन्यात ऐकू गेलं असणार. मोकल रिमोट घेऊनच धावत आले. त्यांनी टीव्ही खालून-वरून पाहिला आणि कुतूहलाने चिकटपट्टीचं टोक नखाने उचललं.

"भाऊ, ओरियाना? मग आधी बोलायचं ना! माझ्या ओळखीवर स्टॅबिलायझर फुकट मिळाला असता!"

त्यांनी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांना मनापासून हळहळ वाटत होती. सेक्रेटरीने मात्र सहा महिन्यांत जाणाऱ्या ट्यूबची आठवण काढलीच.

हेही मी पचवलं असतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई परत मोकलांकडे निघाली.

"आई, आता का? तोच टीव्ही आहे! उलट एक इंच जास्त!"

"टीव्ही तोच रे. पण तिकडे रिमोट माझ्या हातात देतात. तू तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून उशीखाली ठेवतोस."

मी बातम्या लावून बसलो. पाचव्या मिनिटाला बातम्या जाऊन नाटक सुरू झालं. समोर मोकलांच्या सोफ्यावर आई बसली होती, हातात रिमोट, चेहऱ्यावर दहा वर्षांत न दिसलेलं समाधान.

"आई! मी बातम्या बघतोय!"

"मग दार लाव ना!" आई तिकडून ओरडली.

मी तावातावाने उठलो, दाराला हात घातला आणि तसाच परत येऊन आईने लावलेलं नाटक बघत बसलो. दार लावायला माझी काहीच हरकत नव्हती हो, पण मग जिन्यातल्या लोकांना एकवीस इंच दिसणार कसे?