गेटसमोरचा गतिरोधक

"टेप ताणून धर," मी भगाजीला म्हणालो.

भगाजी आमचा मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारा खात्याचा मजूर. टेपचं एक टोक त्यानं शाळेच्या गेटसमोरच्या गतिरोधकावर धरलं. तीस मीटरची टेप, ती तीनदा टाकावी लागली. शेवटी दुसरं टोक पोलिसांनी डांबरावर मारलेल्या चुन्याच्या रेघेवर आलं. चौऱ्याऐंशी मीटर.

आदल्या दिवशी दुपारी त्या रेघेवर चौथीतली वंदना ट्रकखाली आली होती. जागीच गेली. मुख्याध्यापक खरात गुरुजी माझ्या शेजारी उभे होते. ते मला चार शिव्या देते तरी बरं वाटलं असतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी ज्युनिअर इंजिनिअर होतो, रस्ते माझ्याकडे. वाटूर फाट्यावरून मंठ्याकडे जाताना हे गाव लागतं. नाव सांगत नाही, तीच माणसं अजून तिथं राहतात. शाळा रस्त्याला लागून. वाहनाचा वेग मोजायचं यंत्र आमच्या भागात तेव्हा मी तरी पाहिलं नव्हतं. ट्रक हळू करायचा तर एकच उपाय, गतिरोधक. तोसुद्धा मोठ्या रस्त्यावर मागितला की मिळतो असं नाही. खरात गुरुजींनी त्यासाठी दोन वर्षं आमच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

मंजुरी आली उन्हाळ्यात. डांबराची कामं पावसाआधी उरकावी लागतात, म्हणून मी मे महिन्यात मोजमापाला गेलो. शाळेला कुलूप होतं. गेटचा मध्य धरला, चेनेज लिहिलं. चेनेज म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून त्या जागेचं अंतर. गेटच्या बरोबर समोर गतिरोधक घातला, त्यावर पांढरे पट्टे मारले, दोन्ही बाजूंना 'पुढे शाळा आहे' असे बोर्ड लावले. काम इतकं नीटनेटकं झालं की पुढे दुसऱ्या सेक्शनचे लोक ते बघायला आले. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

जूनमध्ये शाळा उघडली. ऑगस्टमध्ये वंदना गेली.

मोजमाप घेऊन ऑफिसात आलो तेव्हा आमचे साहेब वाटच पाहत होते.

"गतिरोधक नकाशाप्रमाणे आहे ना?"

"आहे, साहेब."

"बोर्ड?"

"दोन्ही बाजूंना आहेत."

"मग तसं लिहा आणि मोकळे व्हा. अहवाल आजच वर जायचाय."

मी चार ओळी लिहिल्या. गतिरोधक मंजूर नकाशाप्रमाणे व योग्य ठिकाणी असून सदर अपघाताशी त्याचा संबंध दिसून येत नाही. खाली सही केली. यात एक शब्दही खोटा नाही, असं मला तेव्हा वाटलं.

दोन दिवसांनी पंचनाम्यावर सही करायला पोलिसांनी मला पुन्हा गावात बोलावलं. सही झाली, जमादार निघून गेला. तेवढ्यात शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली. मी गेटकडे पाहत होतो. गेटातून एकही पोर बाहेर आलं नाही. कंपाउंडची भिंत पलीकडच्या टोकाला, त्या चुन्याच्या रेघेसमोरच, पडली होती, तिथल्या भगदाडातून सगळी शाळा बाहेर आली आणि रस्ता ओलांडून समोरच्या हापशाला जाऊन भिडली. हापसा म्हणजे हातपंप. खरात गुरुजी छडी घेऊन ओरडत मागून धावत होते.

"शाळेतला हापसा कवाचाच आटलाय, साहेब," ते धापा टाकत म्हणाले. "पोरं पाणी प्यायला इकडंच येऊन राह्यले. किती अडवायचं?"

मी शाळा भरलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

हापशाजवळ एक बाई बसून होती. कौसाबाई, वंदनाची आई. अपघाताच्या वेळी ती रस्त्यालगतच्या वावरात खुरपत होती, हे मला गुरुजींनी सांगितलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून जवळ गेलो. तीच आधी बोलली.

"साहेब, ट्रक तिथं हळू झाल्ता. म्या वावरातून पाह्यलं. पार थांबल्यावानी झाल्ता. मंग इथं एवढा जोरात कसा आला?"

मी वळून गेटसमोरच्या गतिरोधकाकडे पाहिलं. उत्तर मला त्याच क्षणी कळलं. ट्रक ड्रायव्हरचा पोलिसांपुढचा जबाब मी नुकताच वाचला होता. तो म्हणाला होता, "साहब, ब्रेकरपे बराबर स्लो किया था. ब्रेकर पार हुआ, फिर गेअर डाला."

तो खरं बोलत होता. ड्रायव्हरच्या लेखी गतिरोधक संपला की शाळा संपली. तिथून तो गेअर बदलत वेग घेतो, आणि चौऱ्याऐंशी मीटरमध्ये ट्रकला चांगला वेग येतो. जिथं एक पोर ओलांडत नव्हतं तिथं मी ट्रक हळू केले होते, आणि जिथं सगळी ओलांडत होती तिथं ते वेगात येतील अशी सोय केली होती.

याहून वाईट पुढंच आहे. मे महिन्यात भगाजी आणि मी शाळेच्या व्हरांड्यात भाकरी खाल्ली होती. तहान लागली तेव्हा आम्ही दोघं त्याच भगदाडातून गेलो आणि त्याच हापशावर पाणी प्यालो. पायाखाली मळलेली पायवाट होती. माझ्या स्केचमध्ये त्या जागी मीच लिहून ठेवलं होतं: पडकी भिंत. एवढ्या सुनसान शाळेतून ही पायवाट कुणी मळली, हे मी स्वतःला विचारलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

मी दुसरा अहवाल लिहिला. त्यात हे सगळं लिहिलं, पाणी प्यालो तेही.

साहेबांनी तो दोनदा वाचला.

"पहिल्या अहवालावर सही कुणाची?"

"माझीच."

"मग हा कशाला?"

"पोरं अजून तिथूनच जातात, साहेब."

"मेमो मिळेल तुम्हाला."

"मिळू द्या." मी हे फार शूरपणानं म्हणालो असं समजू नका.

मेमो आठ दिवसांत आला. नवे गतिरोधक व्हायला पुढचा उन्हाळा लागला. त्याआधी गुरुजींनी भगदाडात बाभळीच्या काट्या टाकून पाहिल्या. पोरांनी दुसऱ्या दिवशी त्या ओढून बाजूला केल्या, कारण तहान तर रोजच लागते. शाळेतल्या हापशाचं खातं वेगळं. तिथं गुरुजींनी नव्यानं अर्ज केला.

आणि कौसाबाई रोज मधल्या सुट्टीला खुरपणं टाकून रस्त्यात येऊन उभी राहायला लागली. "नका उभं राहू म्हणलं, ऐकून न्हाई राह्यल्या," गुरुजी म्हणाले. हात वर करणाऱ्या बाईसाठी ट्रक थांबत नाहीत, हॉर्न वाजवून जातात. म्हणून मी भगाजीचा लाल झेंडा तिला दिला, काम चालू असताना आम्ही रस्त्यात धरतो तो. झेंडा पाहून ट्रक थांबायला लागले. वर्षभर तिनं दुसऱ्यांची लेकरं पलीकडे नेली आणली.

या वेळी मोजमाप मी शाळा भरलेली असताना घेतलं. पोरं ओलांडायची त्या जागेच्या अलीकडे एक, पलीकडे एक, असे दोन गतिरोधक झाले. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी झेंडा परत घ्यायला गेलो, सरकारी वस्तू म्हणून. कौसाबाई आपल्या जागेवर उभी होती.

"आता राहू द्या, कौसाबाई," मी म्हणालो. "इथं ब्रेकर झाला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"ब्रेकर तर त्या दिवशीबी व्हता, साहेब."

झेंडा मी तिच्याकडेच ठेवला. ऑफिसात हरवला म्हणून लिहून दिलं, आणि माझ्या सहीचं ते खोटं मला कधी टोचलं नाही. पुढे हाताखाली नवीन इंजिनिअर आले की शाळेच्या कामाला पाठवताना मी त्यांना एवढंच सांगायचो: टेप पिशवीतच ठेवा, आधी मधल्या सुट्टीची घंटा होऊ द्या.