अण्णांच्या अ‍ॅम्पमधलं टिंग

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. साताऱ्यात पंचवीस वर्षं व्हॉल्व्हचे, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेले, अ‍ॅम्प दुरुस्त करतोय. आवाज बदलला की त्याला कारण असतंच — व्हॉल्व्ह म्हातारा झालेला असतो, कपॅसिटर सुकलेला असतो, नाहीतर गिऱ्हाइकाचे कान. मीटर लावला की भूत पळतं, असं मी सगळ्यांना ऐकवायचो...

मागच्या उन्हाळ्यात सांगलीच्या अक्कांचा अ‍ॅम्प आला. त्यांचे यजमान अण्णा, हळदीचे व्यापारी, वारून दोन वर्षं झालेली. नातीच्या बारशाला अण्णांनी म्हटलेला पाळणा एका कॅसेटवर आहे. मध्येच थांबून ते अक्कांना म्हणतात, "पानी आन गं." अण्णांचा तेवढाच आवाज घरात उरलाय.

तक्रार साधी होती, स्विच धरत नव्हता. पण मी पडलो हुशार. कॅसेट लावून बघताना त्या "गं"वर बारीक "टिंग" ऐकू आलं. दुसऱ्या अ‍ॅम्पवर तीच कॅसेट लावली, टिंग नाही. म्हणजे व्हॉल्व्हच्या आतली जाळी सैल झालेली, जाड आवाजानं थरथरायची. अक्कांना न विचारता नवा व्हॉल्व्ह बसवला. जुना टेबलावरून घरंगळला आणि फुटला. तुकडे डब्यात टाकले, विषय संपला.

अ‍ॅम्प सांगलीला परत गेला आणि चार दिवसांनी अक्कांचा फोन. "आवं, तुमी काय करून ठेवलंय? कोन परका मानूस मला पानी मागतोय."

लाज वाटली, अगदी मनापासून. तसा व्हॉल्व्ह कुठं मिळेना. शेवटी कबूल करायचं ठरवून सांगलीला गेलो. दुपारचे तीन वाजलेले. अक्कांनी अ‍ॅम्प चालू केला, पण कॅसेट लावू देईनात. "तापू द्या की जरा. अण्णा म्हनायचे, आदी च्या, मग गानं."

चहा झाला, कॅसेट लावली. पहिलं कडवं कोरडंच, नव्या व्हॉल्व्हवर माझ्या टेबलावर वाजलं होतं तसं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आवाज भरत गेला... जाड, जरा घशातला. "पानी आन गं" — टिंग.

अक्का उठून पाणी घेऊन आल्या. ते मीच प्यायलो.

कव्हर उघडलं. नवाच व्हॉल्व्ह, कंपनीचं नाव चकाकतंय. मीटर लावला, सगळं जिथल्या तिथं. पेन्सिलीनं ठोकून बघितला, जाळी घट्ट, मुका. तापल्यावर आवाज जाड होतो, मान्य. पण टिंग तापण्यानं येत नाही. ते त्या फुटक्या व्हॉल्व्हचं होतं, आणि तो साताऱ्यात माझ्या डब्यात. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात... ही तर मेल्यावरही गेली नव्हती.

मग सांगूनच टाकलं. "अक्का, जुना व्हॉल्व्ह मी तुम्हाला न विचारता काढला. माझ्या हातून तो फुटला. चुकलं माझं."

त्यांनी शांतपणे कॅसेट मागं फिरवली. "फुटला म्हंता, मग ह्ये कोन वाजतंय?"

तुकडे आजही माझ्या डब्यात आहेत. त्या दिवशी मी मीटर पिशवीत टाकला आणि म्हणालो, "अक्का, च्या हाय का अजून?"