शेवटच्या ओळीतले दोन राव

बोलण्याआधी आमचे समोरचे राव एक बोट वर करत. मग खाकरत, आढ्याकडे बघत आणि म्हणत, "थांबा, श्रुती जुळूं दे." हे मंचावरचं नाही, मुलांनो, दारावरच्या केळीवाल्याशी बोलतानाचं. तो बिचारा टोपलं सांभाळत श्रुती जुळेपर्यंत उभा राही. कॉफी पांचट झाली तर तिची श्रुती बिघडलेली असे, जावयाशी पटलं नाही तर त्याचीही. व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारायचात ना, आजी, मागे कोण ओरडतंय? तेच हे.

पण कुंभकोणमच्या मराठी घरांत असं लग्न नाही, जिथे त्यांचं ऊंजलाचं गाणं होत नाही. वधूवरांना झोपाळ्यावर बसवून बायका गातात, ते. अगदी साधं, पण गळ्यात बसलं की उठत नाही. तरुणपणी राव आणि त्यांचा मित्र एकाच पेटीशी बसून अशी गाणी रचत आणि मिळून गात. मित्रही रावच, जवळच्या स्वामीमलै गावचे.

पदाच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव गुंफायची आपली जुनी रीत. एका लग्नात ती ओळ आली आणि दोघांनी एकाच वेळी आपापलं नाव घातलं. वधूवर झोपाळ्यावर लटकलेले आणि दोन महाकवी एकमेकांकडे डोळे वटारून बघताहेत. तेव्हापासून बोलणं बंद. पुढे कुठल्याही लग्नात ऊंजल सुरू झालं, की आमचे राव पहिल्या पंगतीला जाऊन बसत आणि स्वामीमलैचे राव बाहेर विडा चघळत उभे राहत. असा बाणेदारपणा.

म्हातारपणी मात्र आमच्या रावांची पंचाईत झाली. संध्याकाळी ते एकटेच तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, पेटी घेऊन बसत आणि दुसऱ्या कडव्याशी थांबत. ते कडवं वरच्या पट्टीत, ते नेहमी मित्रच उचलायचा. थांबले की ते रस्त्याकडे बघत. तिथे कोणी नसे. असेन तर समोर मी, आणि मला गाता येत नाही.

गेल्या वर्षी आपल्या मंडळींनी दोघांना पुन्हा एका मंचावर बसवायचं ठरवलं. दूत म्हणून मला नेमलं, कारण मी वेळेवर जाते आणि निरोपात भर घालत नाही.

"येऊं दे त्याला," राव म्हणाले. "पण त्याचं नांव गाण्यांत आलं, तर मी उठून जाईन."

मी बसने स्वामीमलैला गेले. तिथल्या रावांनी शांतपणे ऐकलं. "चाल माझी आहे, अक्का. शब्द काय, पंचांगांतही असतात."

हा निरोप मी पोचवला नाही. भर घालत नसले तरी गाळते कधीकधी. शेवटी तह झाला, की ती ओळ कोणीच गायची नाही.

कल्याण मंडप भरला. दोघांनी केस काळे केले होते, रंग एकाच दुकानातला असावा. दुसरं कडवं आलं. स्वामीमलैच्या रावांनी ते उचललं. आवाज मधोमध फाटला, पण उचललं. आमच्या रावांनी डोळे मिटून घेतले.

शेवटच्या ओळीशी दोघांनी तोंडं गच्च मिटली. मृदंग तेवढा चालू. पण समोर बसलेल्या बायकांनी ते गाणं जन्मात कधी अर्धवट सोडलेलं नव्हतं. त्यांनी या दोघांची नावं केव्हाच काढून टाकली होती. त्या जागी त्या वराचं आणि वधूचं नाव घालतात. लहान पोरींनाही हे ठाऊक. नव्हतं ते फक्त या दोघांना, कारण ऐकायला ते कधी थांबलेच नव्हते. मलाही ठाऊक होतं. पण मला निरोप द्यायला सांगितलं होतं, मत नाही.

माझ्या जावेने सवयीने ओळ सुरू केली. आज वधूवर नव्हते, तेव्हा मंचावर होते त्यांचीच नावं तिने घातली. स्वामीमलैचे राव नवरदेव झाले, आमचे राव नवरी. हळू झोका द्या हो या जोडीला, असं सगळ्या सभेने तीनदा घोळवून म्हटलं. आमच्या रावांनी मान खाली घातली, ती शेवटपर्यंत वर केली नाही.

मंचामागे ते माझ्यावर उखडले. "अक्का, मलाच कां नवरी केली?"

उत्तर पलीकडून आलं. "गप रे. मान खालीं घातलीस, तेव्हां शोभलास."

इतक्या वर्षांनंतर मित्राने त्यांच्याशी बोललेले हे पहिले शब्द.

दिवाळीनंतर रावांचा डावा हात लुळा पडला. मुलगा चेन्नैला न्यायला आला, तर हे थोडे दिवस म्हणून स्वामीमलैला गेले ते गेलेच. समोरची तिण्णै आता रिकामी असते. संध्याकाळी शांत वाटतं, असं मी सगळ्यांना सांगते.

मागच्या आठवड्यात त्यांना बघून आले. दोघे जमिनीवर समोरासमोर, मध्ये पेटी. आमच्या रावांचा उजवा हात पट्ट्यांवर, आणि पलीकडून भाता मारत होते स्वामीमलैचे राव. नवं गाणं चाललं होतं.

"वारा पुरत नाहीं," हे म्हणाले.

"तुझे सूर पुरत नाहींत," ते म्हणाले.

माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मुरुक्कूचा, आपल्या चकलीचा, डबा दाराशी ठेवून मी निघाले. बसथांब्यापर्यंत पेटी ऐकू येत होती. मधेच थांबे, भांडण होई, पुन्हा सुरू होई.